भोपाळचे पाहुणे, आपलं बेट आणि भरतीचं पाणी

बोटमालक, तांडेल, खलाशी, आणि घरात पाहुणे ठेवणाऱ्या आपल्या सगळ्या आयाबहिणी, आजची पोस्ट जरा लांब आहे. सीझन तोंडावर आलाय, तेव्हा वेळ काढून वाचा. आवडली तर आपल्याकडे बुकिंग केलेल्या पाहुण्यांनाही पाठवा. बरंचसं त्यांच्याच कामाचं आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सोसायटीचे दोघं एका लग्नासाठी भोपाळला गेलो होतो. तिथे एका मराठी कुटुंबाने आग्रहाने घरी बोलावलं. त्याच्या आदल्या मे महिन्यात हे कुटुंब मालवणला येऊन गेलं होतं, नऊ माणसं. देवबागच्या संगमावरच्या वाळूच्या बेटावर, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तिथे त्यांना आपल्याच एका सभासदाने नेलं. उतरवलं, आणि "तासाभरात येतो" म्हणून दुसरी ट्रिप घ्यायला गेला. इंजिनाने दगा दिला. तास गेला, दुसरा गेला. आधी ऐसपैस दिसणारी वाळू आवळत आवळत अंगणाएवढी राहिली आणि मग तीही पाण्याखाली गेली. आजींच्या गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या होडीने सगळ्यांना उचललं. कोणाला काही झालं नाही. म्हणून ही गोष्ट पेपरात आली नाही, आणि म्हणूनच आपण ती विसरून गेलो होतो.

आजी विसरल्या नव्हत्या. बोट क्लबच्या कठड्याशी बसून समोरचा मोठा तलाव दाखवत त्या म्हणाल्या, "दादा, आमचं सगळं आयुष्य पाण्याकाठी गेलं हो. पण पाणी असं दुपारच्या दुपारी वाढतं, हे आम्हाला कोणी बोललंच नाही."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण ते वाक्य आम्हाला परतीच्या गाडीत झोपू देईना. कारण खरंच कोणी बोललं नव्हतं. आपल्याला वाटतं भरती-ओहोटी शेंबड्या पोरालाही कळते. आपल्या पोराला कळते. भोपाळच्या माणसाला कशी कळणार?

त्यांच्या बाजूने जरा विचार करा. भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधल्याचं सांगतात. भरला की तीस चौरस किलोमीटरच्या वर पसरतो. मधे तकिया नावाचं बेट, त्यावर दर्गा. तलावात रोहू-कटला धरणारे मच्छीमारही आहेत, आपल्यासारखेच जाळी विणत बसलेले दिसले. म्हणजे पाणी, होडी, बेट, मासा, सगळं त्यांच्या ओळखीचं. पण त्या पाण्याची चाल वेगळी. पावसाळ्यात तिथे सगळ्या गावाचं लक्ष एका आकड्याकडे असतं, १६६६.८० फूट. तेवढी पातळी झाली की तलाव भरला आणि भदभदा धरणाची दारं उघडायची. तिथपर्यंत पोचायला आठवडे लागतात, उतरायला महिने. सकाळी ज्या पायरीवर चप्पल काढली, ती पायरी संध्याकाळी तिथेच असते. असा माणूस आपल्या वाळूवर उतरला की वाळूला जमीन समजतो. त्यात त्याची चूक नाही.

तर आता हे पाहुण्याला सांगायचं कसं?

उधाणाच्या दिवशी आपल्याकडे ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात साधारण माणसाच्या उंचीएवढा फरक पडतो. समजा सहा फूट. हे सहा फूट सहा तासांत चढतात, म्हणून पाहुणा हिशोब करतो, तासाला एक फूट. तिथेच तो फसतो. पहिल्या तासात जेमतेम अर्धा फूट चढतं, कळतसुद्धा नाही. दुसऱ्या तासात एक फूट. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दीड-दीड फूट, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत येतं. मग पुन्हा मंद. पूर्ण सुकतीला उतरलेला पाहुणा पहिला तास बघतो, काहीच होत नाही, म्हणून निवांत फोटो काढत बसतो. आणि दोन तासांनी एकदम पाणी पायाखाली. त्या कुटुंबाचं अगदी हेच झालं.

वेळेचा हिशोब आपल्या म्हाताऱ्यांनी कधीच करून ठेवलाय. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघा, मोबाईलवरही मिळतं. पण पाहुण्याला हे गणित सांगून बघा, त्याला फार गंमत वाटते, आणि गंमत वाटलेली गोष्ट त्याच्या डोक्यात राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि धावतंही जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, संथ. वयस्कर माणसं, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांनी तारीख ठरवायच्या आधीच आपल्याला विचारलं तर आपण त्यांना भांगाचे दिवस सुचवू शकतो. हॉटेलवाला हे सांगणार नाही, आपण सांगू शकतो.

संगमावर अजून एक गोष्ट आहे. तिथे नुसता समुद्र नाही, कर्लीची खाडीही आहे. सुकतीला खाडीचं पाणी मुखातून बाहेर धावतं, आणि वाळूच्या कडेला एका पावलात कमरेवरून डोक्यावर खोली जाते. तरणतलावात पोहायला शिकलेला जवान मुलगा इथे सगळ्यात धोक्यात. त्याला पोहता येतं, म्हणून तो ऐकत नाही. त्याला एवढं तरी सांगा की पाणी बाहेर ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, दमशील. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढीच्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं आणि मग आत यायचं. ते जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. तारकर्लीच्या किनाऱ्यावरही हेच लागू आहे. लाटा फुटताना मधेच एखादा शांत, गढूळ पट्टा दिसतो, पाहुण्यांना तीच जागा पोहायला बरी वाटते. बहुतेक वेळा ओढ तिथेच असते.

आता जॅकेट. हा विषय काढला की आपलेच काही लोक तोंड वाकडं करतात. "दहा मिनिटांचा रस्ता, किल्ल्यावर तर जायचंय." भोपाळमध्ये आम्हाला लोकांनी खटलापुऱ्याचा घाट दाखवला. छोट्या तलावावर आहे. १३ सप्टेंबर २०१९, पहाटे गणपती विसर्जनाला गेलेली माणसं. मोठी मूर्ती, म्हणून दोन होड्या एकत्र जोडलेल्या. मूर्ती उतरवताना तोल गेला. ११ जण गेले, बहुतेक तरुण पोरं. अंगावर जॅकेट नव्हती. तिथे ना लाट होती, ना वारा, ना भरती. घाट डोळ्यासमोर होता. आणि आपल्याकडचं २४ मे २०२२ आठवा, तारकर्ली. स्कूबा करून परतणारी बोट बुडाली, दोन पर्यटक गेले. तेव्हा बंदरावर कोण कोण होतं आणि आपण काय काय पाहिलं, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

जॅकेट आहे आणि जॅकेट घातलंय, यात फरक आहे. बसायला उशी म्हणून घेतलेलं, खांद्यावर नुसतं अडकवलेलं, बक्कल उघडं, हे सगळं नसल्यासारखंच. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर मूल खालून निसटतं आणि जॅकेट वर राहतं. म्हणून मुलांच्या मापाची जॅकेट वेगळी ठेवा, आणि पायांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो बांधा. खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर सैल आहे. साडीचा पदर, ओढणी आधी कमरेला खोचून मगच जॅकेट. नातेवाईकांचा फोटो काढायचा म्हणून काढू देऊ नका, जॅकेटसकट फोटो छान येतो. आणि आपण स्वतः घाला. तांडेल उघडा उभा आणि पाहुण्याला म्हणतो घाला, कोण ऐकेल? उन्हात पडून फोम मेलेली, शिवण उसवलेली जॅकेट आपल्यातल्या किती जणांच्या होडीत आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. बदला ती.

माणसं मोजायची. होडीच्या परवान्यावर जो आकडा आहे तो. "एक लहान मूल आहे, त्याला काय धरायचं," असं नाही. एक कुटुंब तोडून दोन ट्रिपा करायला पाहुणे कुरकुरतात, करू देत. आणि चढल्यावर सगळे एकाच बाजूला डॉल्फिन बघायला उभे राहतात, ते आधीच सांगून ठेवा की बसूनच बघायचं.

किल्ल्याबद्दल थोडं. पाहुण्यांना "सिंधुदुर्ग किल्ला" म्हणजे एक दगडी बांधकाम वाटतं. ते कुरटे बेट आहे, चारही बाजूंनी समुद्र, हे जेटीवर उभं राहिल्यावर कळतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी काम सुरू केलं, हिरोजी इंदुलकरांनी उभारलं, ४८ एकरांचा विस्तार. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी, हे भोपाळच्या मंडळींना फार आवडलं होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. गर्दी वाढणार हे धरून चाला. वर फिरायला साधारण तासाभराचा वेळ मिळतो, सावली कमी, चालणं बरंच. आजी-आजोबांना सकाळच्या पहिल्या होड्यांतून न्या. टोपी आणि माणशी एक बाटली पाणी हवंच, आणि ती रिकामी बाटली परत आणायची. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी उसळतं, तेव्हा पोटात ढवळायला लागतं. ज्यांना गाडी लागते त्यांना होडीही लागते. गोळी अर्धा-एक तास आधी घ्यायची, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, बसायचं मधे किंवा मागे, नजर लांब क्षितिजावर. मोबाईलमधे बघत बसलेला पहिला ओकतो, हा आमचा अनुभव.

कधी यावं, हा प्रश्न भोपाळमध्ये प्रत्येकाने विचारला. सोपं उत्तर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिललाही समुद्र बरा असतो पण ऊन सोसत नाही. मे महिन्यात शाळांना सुट्टी, म्हणून सगळे तेव्हाच येतात आणि तेव्हाच समुद्र बदलायला लागलेला असतो. मे अखेरीपासून साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद. त्या काळात कोणी "चल, मी नेतो जास्त पैशात" म्हणाला तर जायचं नाही, हे पाहुण्यांना स्पष्ट लिहून पाठवा, तो म्हणणारा आपल्यातला असला तरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. जूनमध्ये येऊन "ताजी सुरमई कुठाय" म्हणणाऱ्या पाहुण्याला हे आधीच कळलेलं बरं.

गाडीचं विचाराल तर भोपाळवरून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस इटारसी, भुसावळ, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर येते. नाहीतर पंजाब मेलने मुंबई आणि तिथून रात्रीची कोकणकन्या. मालवणसाठी कुडाळ सोयीचं, तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटर. तिकीट ६० दिवस आधी सुटतं, दिवाळी-नाताळचं त्याच सकाळी संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. आणि पोचल्याच्या दिवशीच होडी ठेवू नका. गाडी चार तास लेट झाली की पाहुणा धावत जेटीवर येतो, भरतीची वेळ निघून गेलेली असते, आणि "पैसे दिलेत" म्हणून आपल्यावर दबाव येतो. चुकीचे निर्णय अशा वेळी होतात.

स्कूबा करणाऱ्यांना दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाण्यात घालू नका. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, सर्दी, गरोदरपण यातलं काही आहे का? परतीचं विमान कधी आहे? पाण्याखाली गेल्यावर विमानाला पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. लोक लाजेने किंवा पैसे फुकट जातील म्हणून लपवतात, तेव्हा "नाही उतरलात तरी पैसे परत" असं आधी सांगितलं की खरं बोलतात. हा धंद्याला तोटा वाटेल, पण बघा करून.

पाण्यात पाय टाकताना वाळू घासत चालायचं, उचलून टाकायचा नाही. वाळूत पाकट दबून असतो, पाय घासला की तो निघून जातो, वर पडला की काटा मारतो. लागलाच काटा तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. प्रवाळ तोडायचं नाही, त्यावर उभंही राहायचं नाही. मालवणचा हा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळ घरी नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाहुण्याच्या पिशवीत सापडलं तर सुट्टीचा विचका होतो, आणि नेणाऱ्या होडीलाही विचारतात.

रापण ओढताना पाहुणे हमखास येतात. येऊ देत, दोर धरू देत, मुलांना मजा वाटते. फक्त ताणलेल्या दोराच्या आत किंवा वर उभं राहू देऊ नका. आणि मासळी बाहेर आल्यावर रापणकरांना न विचारता उचलायची नाही, हे हसत सांगा. शाकाहारी पाहुण्यांची घरात काळजी करू नका, काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि सोलकढी यावर त्या भोपाळच्या आजी अजून बोलतात.

सुट्टे पैसे जवळ ठेवायला सांगा. बेटावर नेटवर्क गेलं की मोबाईलचे पैसे अडकतात. आणि दोन नंबर प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये होडीत चढायच्या आधी टाकून द्या: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. आपला स्वतःचा नंबर तर हवाच. आपल्याकडे वायरलेस असेल तर चॅनल १६ चालू आहे ना, बघा. हवामान खातं आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा रोज सकाळी बघायची सवय ठेवा. आभाळ निळं असताना आणि वारा पडलेला असतानाही लांबून आलेल्या लाटा किनारा धुऊन काढतात, हे आपण पाहिलंय.

आता बेटावर सोडून जाण्याबद्दल. यावर सोसायटीच्या बैठकीत भांडण झालं, ते लपवत नाही. काही सभासदांचं म्हणणं, सीझनला एकाच ग्रुपपाशी थांबलो तर दिवसाचं डिझेलही निघणार नाही. त्यांचं खोटं नाही. शेवटी ठरलं ते असं. पाहुणे वाळूवर असतील तोवर तिथे किमान एक होडी आणि एक माणूस हजर राहणार, कोणाचीही असो, आळीपाळीने. उतरवताना तांडेल स्वतः वाळूत एक काठी रोवणार आणि पाहुण्यांना दाखवणार, "पाणी या काठीला लागलं की सगळ्यांनी होडीकडे यायचं, मी बोलावलं नाही तरी." काठी पूर्ण सुकतीनंतर तासाभरात पाणी जिथे येतं तिथे. भरती सुरू होऊन दीड तास झाला की नवीन माणूस वाळूवर उतरवायचा नाही, त्याने कितीही पैसे दिले तरी.

ज्या सभासदाच्या होडीचं इंजिन त्या दिवशी बंद पडलं, ती काठीची कल्पना त्याचीच. त्याने भोपाळला फोन करून आजींची माफीही मागितली. या दिवाळीनंतर ते कुटुंब पुन्हा येणार आहे, आणि त्यांनी त्याचीच होडी मागितली आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता जेटीवर सगळ्यांनी आपापल्या होडीतली जॅकेट घेऊन यायचं आहे, मुलांच्या मापाचीसुद्धा. खराब निघतील त्यांची यादी करून एकत्र खरेदी करू, थोडं स्वस्त पडेल. परवान्याची झेरॉक्स आणा. काठ्या सोसायटी देणार आहे, लाल रंग लावून.